जुलाब थांबले म्हणून लगेच पॅकिंगला बसायचं का?

प्रश्न: मी इंदूरला सांवेर रोडवरच्या एका नमकीन कारखान्यात तीन वर्षांपासून पॅकिंगला आहे. पगार 14,000, महिन्यात एकही खाडा नसेल तर वर 500. महालक्ष्म्यांच्या आधी मालाला उठाव असतो, तेव्हा सुट्टी मागितली की सुपरवायझरचं तोंड वाकडं होतं. गेल्या रविवारी रात्री मला उलट्या आणि जुलाब लागले. सोमवारी घरीच होते. मंगळवारी पहाटे शेवटचं पातळ झालं, मग जुलाब बंद करायची गोळी घेतली. सुपरवायझर फोनवर म्हणाला, 'एक गोली और खा लो, काम तो बैठे-बैठे का ही है.' म्हणून दुपारच्या पाळीला गेले. सासूबाई म्हणतात, जायला नको होतं. दुसरं म्हणजे आमचे हे शाळेची व्हॅन चालवतात. अंगात कणकण असली तरी सर्दीची गोळी घेऊन निघतात. कधी जावं आणि कधी जाऊ नये, हे कसं ठरवायचं?
– एक वाचक, परदेशीपुरा, इंदूर

उत्तर: ताई, आमचं मत सासूबाईंच्या बाजूने. तुम्ही मंगळवारी नव्हे, गुरुवारी जायला हवं होतं. आणि गोळीचा हिशेब धरला तर शुक्रवारी.

कामावर जायचं की नाही हे ठरवताना आपण बहुतेक एकच गोष्ट विचारतो: मला झेपेल का? बसून करायचं काम झेपतं, यात सुपरवायझरचं काही चुकलं नाही. पण तुमच्या बाबतीत खरा प्रश्न हा की तुमचे हात कशाला लागतात. हिशेब लिहिणाऱ्या माणसाचं पोट बिघडलं तर त्रास त्याला आणि फार तर शेजारच्या टेबलाला. तुमच्या हाताखालून पाळीत शेकडो पाउच जातात.

सेव कढईतून निघते तेव्हा तेल 160 ते 180 अंशांच्या घरात असतं, त्यात कुठलाही जंतू टिकत नाही. म्हणूनच अनेकांना वाटतं, तळलेल्या मालाला कसली भीती. पण घाणा निघाल्यावर पुढे काय होतं ते बघा. सेव ट्रेमध्ये पसरून गार होते, तिच्यावर मसाला भुरभुरतात, मिक्सचरमध्ये शेंगदाणे आणि पोहे हाताने मिसळतात, वजनकाट्यावर दोन-चार दाणे कमी-जास्त होतात तेही हातानेच, आणि मग पाउच सील होतो. गार झाल्यापासून ते गिऱ्हाईकाच्या तोंडात जाईपर्यंत त्या मालाला पुन्हा आच लागत नाही. दुसरा गैरसमज, 'कोरडा माल आहे, त्यात जंतू वाढत नाहीत.' वाढत नाहीत हे खरं. पण मरतही नाहीत. साल्मोनेलासारखा जंतू कोरड्या पदार्थात महिनोन्‌महिने तग धरतो. उलट्या-जुलाबांच्या साथीत बरेचदा सापडणारा नोरोव्हायरस तर वाढण्याची वाटच पाहत नाही. दुसऱ्याला आजारी पाडायला त्याचे शंभराच्या आतबाहेर कण पुरतात, आणि डोळ्यांना हात स्वच्छ दिसत असतानाही ते नखाखाली असू शकतात.

म्हणून खाण्याच्या पदार्थांना हात लावणाऱ्यांसाठी अनेक देशांत वापरला जाणारा नियम असा: शेवटची उलटी किंवा शेवटचं पातळ शौच झाल्यापासून पूर्ण 48 तास कामावर यायचं नाही. बरं वाटायला लागलं तिथून नव्हे, शेवटच्या जुलाबापासून मोजायचं. जंतू सगळ्यात जास्त बाहेर पडतात ते आजारात आणि त्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, म्हणून हा आकडा.

गोळीने घोटाळा होतो तो इथेच. जुलाब थांबवायची गोळी, म्हणजे बहुधा लोपेरामाइड, आतड्यांची हालचाल मंद करते. जंतू मारत नाही. तुमचं पोट 'बंद' झालं, बरं झालं असं नाही. त्या गोळीचा अंमल दिवसभर राहू शकतो, म्हणून तो दिवस मोजायचाच नाही. मंगळवारी पहाटे गोळी घेतली, बुधवारी पहाटेपर्यंत पुन्हा पातळ झालं नाही, तर 48 तास बुधवार पहाटेपासून धरायचे. असा शुक्रवार येतो. ताप असेल किंवा शौचातून रक्त-आव पडत असेल तर ही गोळी घ्यायचीच नाही. आत जे अडवायला नको ते ती अडवून धरते.

घरी राहिल्यावर खरं औषध पाणी आणि मीठ-साखर. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. अर्धी पुडी ग्लासात टाकून पिणं ही नेहमीची चूक आहे. असं दाट पाणी जुलाब कमी करण्याऐवजी वाढवतं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे बोट फिरवून कडेला आणलेला; शिगोशिग भरलेला नव्हे. प्रत्येक जुलाबानंतर ग्लासभर, उलटी होत असेल तर दर दोन-तीन मिनिटांनी घोट-घोट. 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. आठेक तास लघवी झाली नाही, पाणी पोटात टिकतच नाही, रक्त दिसलं किंवा जोराचा ताप आला तर घरचे उपाय थांबवून डॉक्टर गाठा.

आणि एक आगाऊपणा करतो: सुट्टी घेतली म्हणजे घरच्या सगळ्यांचा स्वयंपाक तुमच्याकडे, असं होऊ देऊ नका. 48 तासांचा नियम घरच्या कणकेलाही लागू आहे. सासूबाई पत्रापुरत्या तुमच्या बाजूने आहेत, तेव्हा तेवढे दोन दिवस पोळ्या त्यांच्याकडे किंवा तुमच्या यजमानांकडे सोपवा. संडासाची कडी, नळ आणि फ्लशचं बटण ब्लीचने पुसा: एक लिटर पाण्यात साधारण 25 ते 30 मिलि घरगुती ब्लीच, दहा मिनिटं तसंच ठेवून मग धुवायचं. त्यात संडास धुवायचं अ‍ॅसिड मिसळू नका, विषारी वायू निघतो.

शुक्रवारी परत गेलात तरी जंतू पुढचे दोन आठवडे थोडेफार बाहेर पडत राहतात. तेव्हा हात धुणं एरवीपेक्षा कडक हवं. सॅनिटायझरवर विसंबू नका. नोरोव्हायरसवर आणि काविळीच्या 'ए' विषाणूवर त्याचा भरवसा नाही. साबण, वाहतं पाणी, निदान वीस सेकंद, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांच्या कडा. काचेच्या बांगड्या आणि अंगठी पाळीपुरती काढून ठेवा, त्यांच्याखाली साबण पोचत नाही. हातमोज्यांचा एक धोका कुणी सांगत नाही. मोजे घातले की आपले हात स्वच्छ, असं वाटायला लागतं, आणि त्याच मोज्यांनी माणूस नाक खाजवतो, अ‍ॅप्रनच्या खिशातला मोबाईल काढतो, दार ढकलतो आणि पुन्हा सेवेत हात घालतो. मोबाईलला हात लागला की मोजे बदलायचे. मोबाईल लॉकरमध्येच ठेवला तर सगळ्यात बरं.

सुपरवायझरशी बोलताना 'मला बरं वाटत नाही' असं म्हणू नका. त्यावर उत्तर ठरलेलं आहे: गोळी खा. त्याला त्याच्या कामाची भाषा कळते. खाद्यपदार्थांच्या परवान्याचे 2011 चे केंद्रीय नियम आहेत, त्यांच्या अनुसूची 4 मध्ये स्पष्ट लिहिलंय की अन्नातून पसरू शकेल असा आजार असलेल्या माणसाला माल हाताळण्याच्या जागेत येऊ द्यायचं नाही, आणि अशी लक्षणं दिसताच त्याने व्यवस्थापनाला कळवायचं. वर्षातून एकदा तुमची वैद्यकीय तपासणी होते ना, ती याच नियमांखाली. म्हणजे तुम्ही कळवून घरी राहिलात तर कारखान्याचा नियम पाळलात, आणि त्याने कळूनही बोलावलं तर जोखीम परवान्याची, म्हणजे मालकाची. हे भांडणाच्या सुरात नको, पण फोनवरही नको. लिहून पाठवा: 'भैया, रविवार रात से उल्टी-दस्त हैं. खाने का माल हाथ से छूना है, इसलिए बंद होने के 48 घंटे बाद ही आ सकती हूँ. शुक्रवार सुबह आऊँगी. आज डिस्पेंसरी का कागज़ ले रही हूँ.' परतायचा दिवस सांगितलेला बरा. सुपरवायझरची खरी अडचण ही की माणूस किती दिवस कमी पडणार हे त्याला कळत नाही. एकदा दिवस कळला की तो लाइनवर दुसरी बाई लावतो.

'मग गोडाऊनमध्ये खोके मोजायला ये,' असं कदाचित तो म्हणेल. बंद खोक्यांना धोका कमी हे खरं, तरी आम्हाला हा मार्ग पसंत नाही. संडास, नळ आणि पाण्याच्या माठावरचा ग्लास सगळ्यांचा एकच असतो.

आता पैसे. 14,000 पगारावर तुमची ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापली जात असणार (मर्यादा महिना 21,000 ची आहे). पगाराच्या चिठ्ठीवर 0.75 टक्के म्हणजे 105 रुपये कापलेले दिसतात का बघा. दिसत असतील तर आजारपणात सरासरी रोजाच्या 70 टक्के मिळतात, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. अट अशी की ठरलेल्या सहामाहीत निदान 78 दिवसांचा हप्ता भरलेला हवा. सप्टेंबरमधल्या आजारपणासाठी आधीच्या ऑक्टोबर ते मार्चचा हिशेब बघतात. तीन वर्षं काम करताय, तेव्हा तिथे अडणार नाही. अडतं ते दुसरीकडे: आजाराचे पहिले दोन दिवस कोरडे जातात. सोमवार ते गुरुवार चार दिवसांचा दाखला असता तर पैसे दोनच दिवसांचे मिळाले असते. सरासरी रोज 460 धरला तर 322 दुणे 644 रुपये. दोन दिवसांचा पगार आणि 500 चा हजेरी भत्ता पदरचा गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र एकदा असा लाभ घेतल्यावर 15 दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर ते कोरडे दोन दिवस पुन्हा धरत नाहीत. साथीच्या दिवसांत हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बहुतेकांचा लाभ हुकतो तो दाखल्यापायी. खासगी डॉक्टरची चिठ्ठी खिशात असते आणि ईएसआयचा कागद नसतो. दाखला ईएसआयच्या डिस्पेंसरीतला किंवा रुग्णालयातला लागतो, आणि मागच्या तारखेचा मिळवताना नाकी नऊ येतात. तेव्हा पहिल्याच दिवशी जा. नंदानगरचं ईएसआय रुग्णालय तुमच्या परदेशीपुऱ्याला लागूनच आहे. ईएसआयचं ई-पहचान कार्ड आणि आधार सोबत असू द्या. 'काम काय करता' असं विचारलं तर 'कारखान्यात' एवढंच न सांगता 'खाण्याचा माल हाताने पॅक करते' असं सांगा. किती दिवस विश्रांती लिहायची हे त्यावर ठरतं.

तुमच्या लाइनवर आणखी एक गोष्ट जुलाबाइतकीच महत्त्वाची आहे आणि तिच्यासाठी कुणी सुट्टी मागत नाही, ती म्हणजे नखुरडं. बोटात पू झालेला असताना हातमोजा घालूनही पॅकिंगला बसू नका. पुवातला जंतू पदार्थात असं विष सोडू शकतो की ते नंतर तापवूनही जात नाही. कोरडी, स्वच्छ कापली-खरचटलेली जागा मात्र चालते. जलरोधक पट्टी, वर मोजा. कावीळ झाली तर डोळे पिवळे दिसल्यापासून निदान सात दिवस आणि पुढे डॉक्टर म्हणतील तोवर नाही. टायफॉइडनंतर शौचाची तपासणी होऊन डॉक्टरने मोकळं केल्याशिवाय नाही, कारण काही जण बरे होऊनही जंतू बाळगून असतात. डोळे आले असतील तर लाली आणि पाणी थांबेपर्यंत थांबा. साधी सर्दी, ताप नाही, तर मास्क लावून जायला हरकत नाही. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला हा सुट्टीचा विषयच नव्हे, क्षयासाठी थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

आता तुमच्या यजमानांबद्दल. व्हॅनमध्ये दोन प्रश्न एकदम येतात, झोप आणि संसर्ग. सर्दीच्या गोळीत बहुधा तीन औषधं एकत्र असतात: ताप उतरवणारं पॅरासिटामॉल, नाक मोकळं करणारं एक, आणि क्लोरफेनिरामिन किंवा सेट्रिझिनसारखं नाकाचं पाणी थांबवणारं. या शेवटच्याने गुंगी येते, आणि गुंगी आल्याचं घेणाऱ्याला कळेलच असं नाही. ब्रेकवर पाय अर्ध्या क्षणाने उशिरा पडतो, एवढंच. ही गोळी घेऊन लहान मुलांची व्हॅन चालवायची नाही, यात तडजोड नाही. सर्दी आहे, ताप नाही आणि काम टळत नाही, तर वाफ, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मास्क आणि खिडक्या उघड्या. गुंगीची गोळी रात्री निजताना, तीही सकाळी डोकं जड नसेल तरच.

ताप असेल तर मुळीच नाही. फ्लूमध्ये माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून दुसऱ्याला देऊ लागतो आणि पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जास्त देतो. नियम सोपा आहे: पॅरासिटामॉल न घेता सलग 24 तास ताप नाही आणि बाकी त्रासही उतरणीला लागलाय, मग व्हॅन काढायची. मंगळवारी संध्याकाळी सातला शेवटचा ताप असेल तर बुधवारी सातपर्यंत वाट बघून गुरुवारी सकाळची फेरी. पहाटे गोळी घेऊन अंगाला हात लावून 'ताप नाही' म्हणणं ही फसवणूक होते. गोळीचा असर चार ते सहा तास. सहाला घेतलेली दुपारी मुलांना परत सोडायच्या वेळी संपते, नेमकी उन्हात आणि गर्दीत. म्हणून थर्मामीटर गोळीच्या आधी लावा. डिजिटल थर्मामीटर काखेत जवळपास एक अंश फॅरनहाइट कमी दाखवतो, तेव्हा काखेत 99.5 च्या वर गेला की ताप समजा.

सर्दीच्या गोळीबरोबर तापाची वेगळी गोळीही घेत असतील तर बेरीज करा. एकीत 500, दुसरीत 650. दोन्ही तीन-तीन वेळा घेतल्या तर दिवसाला 3,450 मिलिग्रॅम होतात. चौथ्यांदा घेतल्या की 4,600, आणि मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4,000 आहे. दारूची सवय किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून बरीच कमी. रक्तदाब असेल तर नाक मोकळं करणाऱ्या औषधाबद्दलही डॉक्टरला विचारा.

या 24 तासांच्या नियमाला आपल्याकडे पावसाळ्यानंतर एक मोठा अपवाद आहे, डेंग्यू. अचानक जोराचा ताप, डोळ्यांमागे ठणका, हाडं मोडून आल्यासारखी, तर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक अंगदुखीसाठी घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. फक्त पॅरासिटामॉल. पहिल्या पाच दिवसांत एनएस1 (डेंग्यूची रक्ततपासणी) आणि रक्तातल्या पेशींची तपासणी करून घ्या. आणि डेंग्यूत धोक्याचे दिवस ताप चढलेला असताना नसतात. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, त्यानंतरचे 24 ते 48 तास घातक असतात. माणूस ताप उतरला म्हणून स्टीअरिंगवर बसतो आणि तेव्हाच रक्तदाब खाली यायला लागतो. पोटात सतत दुखणं, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, सुस्ती किंवा तगमग, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका, एम. वाय. रुग्णालय किंवा नंदानगरचं ईएसआय रुग्णालय गाठा.

यांना आजारपणात घरी राहणं जमत नाही त्याचं कारण बहुधा बदली माणूस नसतो हे आहे. तो आजारी पडल्यावर शोधायचा नसतो. त्याच मार्गावरच्या दुसऱ्या व्हॅनवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा, एकमेकांचे दिवस एकमेकांनी सांभाळायचे. त्याचं लायसन्स बघून घ्या, नाव आणि फोन शाळेला व पालकांना आधी कळवा, आणि मुलांची थांब्यांनुसार यादी कागदावर लिहून व्हॅनमध्ये ठेवा. ती यांच्या डोक्यात असते, बदली माणसाच्या डोक्यात नसते. तुमच्या ईएसआय कार्डावर यांचं आणि मुलांचं नाव चढवलेलं असेल तर त्यांचे उपचार आणि तपासण्याही नंदानगरला होतात. चढवलेलं नसेल तर कारखान्याच्या हापिसात सांगून दिवाळीचा सीझन सुरू व्हायच्या आत ते करून घ्या. त्यासाठी त्यांची आधार कार्डं आणि सगळ्यांचा एकत्र फोटो लागेल.